वाचक थांबला तर? : चेंज डेटा कॅप्चर कनेक्टरची जुळवणी व देखभाल – एक चिकित्सक अभ्यास

गोषवारा :

डेटाबेसमध्ये घडणारा प्रत्येक बदल त्याच क्षणी टिपून दुसऱ्या प्रणालीपर्यंत पोहोचविण्याच्या तंत्रास चेंज डेटा कॅप्चर असे म्हणतात. हे काम करणाऱ्या कनेक्टरची जुळवणी एकदा केली की तो आपोआप चालत राहतो, असा एक समज रूढ आहे. प्रस्तुत निबंधात डेबिझियम या मुक्तस्रोत प्रणालीच्या आधारे या समजाची चिकित्सा केली आहे. कनेक्टर चालू असताना नव्हे, तर तो थांबल्यावर त्याच्या जुळवणीचा खरा अर्थ उघड होतो. वाचक थांबल्यावर नुकसान कोणी सोसायचे, याचा आगाऊ घेतलेला निर्णय म्हणजे जुळवणी होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : चेंज डेटा कॅप्चर, डेबिझियम, व्यवहारनोंदवही, वाचनखूण, पूर्वनिश्चित मूल्य, देखभाल.

प्रस्तावना :

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पुस्तपालनाच्या पहिल्याच धड्यात रोजकीर्द आणि खतावणी यांतील भेद शिकविला जातो. व्यवहार घडला की तो प्रथम रोजकीर्दीत तारीखवार उतरतो आणि नंतर खतावणीत आपापल्या खात्यावर जातो. खतावणी आजची शिल्लक सांगते, तर ती शिल्लक कशी झाली हे रोजकीर्द सांगते. संगणकीय डेटाबेसची अंतर्रचना या जुन्या शिस्तीपेक्षा फार वेगळी नाही. डेटाबेसमधील तक्ते ही त्याची खतावणी होय. तक्त्यातील बदल पक्का होण्यापूर्वी तो ज्या क्रमवार नोंदवहीत लिहिला जातो, ती त्याची रोजकीर्द होय. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये तिला राइट-अहेड लॉग म्हणतात. मायएसक्यूएलमध्ये प्रतिकृती तयार करण्यासाठी ठेवल्या जाणाऱ्या अशा नोंदवहीला बायनरी लॉग किंवा बिनलॉग हे नाव आहे. प्रस्तुत निबंधात या सर्वांसाठी ‘व्यवहारनोंदवही’ ही एकच संज्ञा वापरली आहे.

ही नोंदवही मुळात बाहेरच्या वाचकासाठी लिहिली गेलेली नाही. वीज गेली, यंत्र बंद पडले तर डेटाबेसला स्वतःला सावरता यावे आणि त्याची प्रतिकृती दुसऱ्या यंत्रावर ठेवता यावी, हे तिचे प्रयोजन आहे. तीच नोंदवही तिसऱ्याच प्रणालीने वाचावी आणि शोधयंत्रणा, विश्लेषणाचे भांडार, सूचनासेवा अशा अनेक ठिकाणी ते बदल पोहोचवावेत, ही कल्पना गेल्या दीड दशकात प्रतिष्ठा पावली. लिंक्डइन या कंपनीतील अभियंत्यांनी २०१२ मध्ये डेटाबस या आपल्या प्रणालीविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेथेच निर्माण झालेली काफ्का ही प्रणाली २०११ मध्ये मुक्तस्रोत झाली होती. २०१३ मध्ये जे क्रेप्स यांनी ‘द लॉग’ या दीर्घ निबंधात क्रमवार नोंदवही हीच माहितीच्या एकत्रीकरणाची मूळ संकल्पना होय, असा विचार मांडला. २०१५ च्या अखेरीस काफ्काला कनेक्ट ही चौकट जोडली गेली. तिच्या आधारे रेड हॅट कंपनीत रँडल हाउच यांनी सुरू केलेल्या डेबिझियम प्रकल्पाची पहिली आवृत्ती २०१६ मध्ये आली. डिसेंबर २०१९ मध्ये १.०, ऑक्टोबर २०२२ मध्ये २.० आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ३.० असे तिचे पुढील टप्पे आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. कनेक्टर थांबला असता निरनिराळ्या डेटाबेस प्रणाली कसे वागतात याचा तौलनिक विचार करणे.

२. जुळवणीतील पूर्वनिश्चित मूल्यांमागे कोणती भूमिका दडलेली आहे हे शोधणे.

३. जुळवणी आणि देखभाल ही दोन वेगळी कामे आहेत, या समजाची चिकित्सा करणे.

अभ्यासाची व्याप्ती व पद्धती :

डेबिझियमच्या पोस्टग्रेस्क्यूएल व मायएसक्यूएल या दोन कनेक्टरांवर प्रस्तुत अभ्यासाचा भर आहे. तुलनेसाठी एसक्यूएल सर्व्हर व मोंगोडीबी यांचा अल्प परामर्श घेतला आहे. प्रकल्पाचे अधिकृत दस्तऐवज, डेटाबेसची संदर्भपुस्तिका आणि त्यांतील पूर्वनिश्चित मूल्ये यांना संहिता मानून त्यांचे वाचन येथे केले आहे.

विषय विवेचन :

१. नोंदवही वाचण्याचे श्रेष्ठत्व

बदल टिपण्याचे जुने मार्ग दोन होते. पहिला मार्ग ठरावीक अंतराने तक्त्याला ‘मागील वेळेनंतर काय बदलले’ असे विचारण्याचा. या मार्गात दोन विचारणांच्या मध्ये एखादी नोंद तीनदा बदलली, तर केवळ शेवटचे रूप हाती लागते. नोंद पुसली गेली, तर तिची गंधवार्ताही लागत नाही, कारण जी ओळ उरलीच नाही ती विचारणेला उत्तर कसे देणार? दुसरा मार्ग ट्रिगरचा. प्रत्येक बदलाबरोबर दुसऱ्या तक्त्यात एक नोंद करण्याचे काम डेटाबेसवरच सोपविले जाते. येथे काहीही सुटत नाही. मात्र प्रत्येक व्यवहाराला त्याच वेळी जादा लेखनाचा भार उचलावा लागतो.

व्यवहारनोंदवही वाचण्याच्या मार्गात हे दोन्ही दोष टळतात. पुसलेली नोंद, मधली रूपे आणि बदलांचा क्रम हे सर्व नोंदवहीत असते. ती डेटाबेस तशीही लिहितच असतो. म्हणून ‘मूळ डेटाबेसवर नगण्य भार’ हे या तंत्राचे मुख्य आश्वासन ठरले. हे आश्वासन खोटे नाही. मात्र ते वाचक चालू असतानाचे आहे. वाचक थांबल्यावर काय होते, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही.

२. वाचक थांबल्यावर : दोन भिन्न नीती

नोंदवही अनंत काळ ठेवता येत नाही. जुनी पाने कधीतरी फाडावीच लागतात. बाहेरच्या वाचकाने ती पाने वाचली नसतील तर काय करावे, या प्रश्नाला पोस्टग्रेस्क्यूएल आणि मायएसक्यूएल यांनी परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत.

पोस्टग्रेस्क्यूएलच्या ९.४ या आवृत्तीत, म्हणजे २०१४ मध्ये, नोंदवहीतील बदल उलगडून बाहेर देण्याची सोय आली. तिच्याबरोबर रेप्लिकेशन स्लॉट ही संकल्पनाही या कामासाठी उपलब्ध झाली. तिला येथे ‘वाचनखूण’ म्हणता येईल. ही खूण डेटाबेसच्या आत राहते. ‘या वाचकाने येथपर्यंतचे पोहोचल्याचे कळविले आहे, यापुढचे पान फाडू नये’ असा तिचा अर्थ. वाचक काही कारणाने बंद पडला तरी खूण आपल्या जागी राहते आणि तिच्यापुढील सर्व पाने डेटाबेस जपून ठेवतो. वाचक परतला की त्याला एकही नोंद न गमावता पुढे वाचता येते. ही मोठी सोय आहे. परंतु वाचक परतलाच नाही तर? पाने साचत जातात, डिस्क भरत जाते. ती पूर्ण भरल्यावर डेटाबेसला नवा व्यवहार लिहिण्यास जागा उरत नाही. विश्लेषणासाठी जोडलेली एक दुय्यम प्रणाली बंद पडल्यामुळे मुख्य व्यवहारच ठप्प होतात. हानी केवळ जागेचीही नाही. अशी वाचनखूण डेटाबेसच्या अंतर्गत सूचितक्त्यांची साफसफाईही अडवून धरते.

मायएसक्यूएलची नीती याउलट आहे. तेथे बिनलॉगच्या वाचकासाठी मूळ सर्व्हर पाने राखून ठेवत नाही. कोठपर्यंत वाचले याची नोंद वाचकाने स्वतःच ठेवायची. आवृत्ती ८.० मध्ये बिनलॉग टिकवून ठेवण्याची पूर्वनिश्चित मुदत २५,९२,००० सेकंद, म्हणजे ३० दिवस आहे. मुदत संपली की पाने काढून टाकण्यास पात्र ठरतात, मग ती कोणी वाचली असोत वा नसोत. त्याहून अधिक काळ थांबलेला कनेक्टर परतला की त्याची जागा नोंदवहीत सापडत नाही. संपूर्ण प्रत नव्याने घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. येथे मूळ डेटाबेस सुरक्षित राहतो आणि वाचक उघड्यावर पडतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून ही सोय अंतर्भूत आहे. तेथे बदल वेगळ्या तक्त्यांत उतरवून ठेवले जातात आणि पूर्वनिश्चित मूल्यानुसार ४,३२० मिनिटांनी, म्हणजे तीन दिवसांनी, त्यांची सफाई होते. मोंगोडीबीची नोंदवही मुख्यतः आकाराने मर्यादित असते, म्हणून व्यवहारांची गर्दी वाढली की वाचकाला मिळणारी सवलतीची मुदत आपोआप घटते.

या तुलनेतून एक बाब स्पष्ट होते. वाचक थांबल्याची किंमत कोणीतरी मोजतोच. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये ती लिहिणारा मोजतो, तर मायएसक्यूएलमध्ये वाचणारा. यांतील कोणतीही नीती सर्वत्र योग्य अथवा सर्वत्र अयोग्य नाही. दवाखान्याच्या औषधनोंदींचा किंवा बँकेच्या व्यवहारांचा मूळ डेटाबेस थांबणे अक्षम्य असते. दुसऱ्या टोकाला, लेखापरीक्षणासाठी घेतलेल्या प्रतीतून एक नोंद गळणेही अक्षम्य असू शकते. निर्णय विषयानुसार बदलतो. अडचण अशी की, जुळवणी करणाऱ्यास आपण असा काही निर्णय घेत आहोत याची जाणीवच बहुधा नसते.

पोस्टग्रेस्क्यूएलनेही हा धोका पुढे मान्य केला. २०२० च्या १३ व्या आवृत्तीत वाचनखुणेसाठी किती नोंदवही राखून ठेवावी याला कमाल मर्यादा घालण्याची सोय आली. मर्यादा ओलांडली की खूण निकामी ठरते व डेटाबेस वाचतो. २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत दीर्घकाळ निष्क्रिय राहिलेली खूण ठरावीक मुदतीनंतर रद्द करण्याचीही सोय झाली. तथापि पहिल्या मर्यादेचे पूर्वनिश्चित मूल्य उणे एक, म्हणजे ‘मर्यादा नाही’, असे आहे. उपाय उपलब्ध आहे, पण तो ज्याला धोका आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठीच.

याला जोडूनच एक बारकावा येतो. डेबिझियमचा कनेक्टर काढून टाकला तरी त्याची वाचनखूण पूर्वनिश्चित मूल्यानुसार डेटाबेसमध्ये तशीच राहते. अल्पकाळ थांबलेल्या कनेक्टरसाठी हे योग्यच आहे. पण प्रयोग म्हणून जोडलेला कनेक्टर काढल्यानंतरही ती खूण न येणाऱ्या वाचकाची वाट पाहत राहते. ती स्वतः जाऊन पुसावी लागते. जोडणीच्या कृतीइतकीच विसर्जनाची कृतीही लिहून ठेवली पाहिजे, हा याचा सरळ अर्थ आहे.

३. शांत डेटाबेसचा विरोधाभास

वाचक थांबलेला नसूनही नोंदवही साचत जाण्याचा प्रकार अधिक विचार करायला लावणारा आहे. पोस्टग्रेस्क्यूएलच्या एका सर्व्हरवर अनेक डेटाबेस असू शकतात. त्या सर्वांची नोंदवही एकच असते. बदल उलगडून देणारी वाचनखूण मात्र एकाच डेटाबेसपुरती असते. आता असे समजा की, एका डेटाबेसवर दिवसभर प्रचंड लेखन चालू आहे आणि कनेक्टर ज्या दुसऱ्या डेटाबेसवर लावला आहे तो शांत आहे. शांत डेटाबेसमध्ये काही घडत नाही, म्हणून कनेक्टरकडे पोहोच देण्यासारखे काही येत नाही. पोहोच न मिळाल्याने खूण पुढे सरकत नाही. खूण न सरकल्याने शेजारच्या डेटाबेसची पानेही फाडता येत नाहीत. कनेक्टर पूर्णपणे निरोगी असतो, त्रुटीची एकही ओळ उमटत नाही आणि डिस्क मात्र भरत राहते.

यावर डेबिझियमने हार्टबीटचा उपाय सुचविला आहे. जेथे टिपलेल्या तक्त्यांत बदल कमी असून त्याच डेटाबेसमधील इतर तक्त्यांत ते भरपूर आहेत, तेथे ठरावीक अंतराने हार्टबीट पाठविणे पुरते. वर सांगितलेल्या शांत डेटाबेसच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. तेथे कनेक्टरने मूळ डेटाबेसमधील एका लहानशा तक्त्यात अधूनमधून स्वतःच एक ओळ लिहावी, म्हणजे वाचायला काहीतरी मिळेल व खूण सरकेल, अशी योजना आहे.

या उपायातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. जो केवळ वाचक म्हणून आला, त्याला टिकून राहण्यासाठी लेखक व्हावे लागते. त्यासाठी मूळ डेटाबेसमध्ये एक तक्ता आणि त्यावर लेखनाचा अधिकार द्यावा लागतो. ‘आम्ही फक्त पाहतो, स्पर्श करीत नाही’ ही या तंत्राची प्रतिमा येथे पुसट होते. शिवाय हार्टबीटच्या अंतराचे पूर्वनिश्चित मूल्य शून्य, म्हणजे बंद, असे आहे. ज्या संस्थेत डेटाबेसची व्यवस्था एका गटाकडे आणि कनेक्टरची दुसऱ्या गटाकडे असते, तेथे हा लेखनाचा अधिकार मागणे व देणे हा तांत्रिक प्रश्न न राहता परस्परविश्वासाचा प्रश्न होतो.

४. पहिली प्रत व स्मृतीचा प्रश्न

नोंदवही सुरुवातीपासूनची कधीच उपलब्ध नसते. म्हणून कनेक्टर प्रथम सर्व तक्त्यांची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, घेतो आणि मग नोंदवही वाचू लागतो. कोट्यवधी ओळींच्या तक्त्यांसाठी या प्रतीला बराच अवधी लागतो. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये त्या अवधीत वाचनखूण आधीच लावलेली असल्याने नोंदवही साचत राहते. प्रत अर्धवट असताना कनेक्टर कोसळला, तर ती पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागते.

या अडचणीवर नेटफ्लिक्समधील अँड्रियास अँड्रियाकिस व इओआनिस पापापानागिओटू यांनी डीबीलॉग या प्रणालीत सुबक उत्तर शोधले. तक्ता लहान तुकड्यांत वाचावा, प्रत्येक तुकड्याच्या आधी व नंतर नोंदवहीत एकेक जलरेषा उमटवावी आणि त्या दोन रेषांमध्ये ज्या ओळी बदलल्याचे दिसेल त्या तुकड्यातून वगळाव्यात, म्हणजे जुने रूप नव्यावर चढत नाही, असा हा विचार आहे. डेबिझियमने २०२१ मध्ये १.६ आवृत्तीत तो स्वीकारला. यामुळे प्रत आणि नोंदवहीवाचन एकत्र चालू शकते व खंड पडल्यास शेवटच्या तुकड्यापासून पुढे जाता येते. मात्र जलरेषा उमटविण्यासाठी मूळ पद्धतीत येथेही एका संकेततक्त्यात लिहावे लागते. काही डेटाबेससाठी केवळ वाचनावर चालणारा पर्याय नंतर आला, ही स्वागतार्ह बाब होय.

प्रतीपेक्षाही नाजूक प्रश्न स्मृतीचा आहे. कोठपर्यंत वाचले याची स्थाननोंद काफ्का कनेक्ट आपल्याकडे ठेवते आणि ती कनेक्टरच्या नावाशी बांधलेली असते. नीटनेटकेपणासाठी कोणी कनेक्टरचे नाव बदलले, तर प्रणालीच्या दृष्टीने तो भूतकाळ नसलेला नवा वाचक ठरतो. स्थाननोंद पूर्वनिश्चित मूल्यानुसार मिनिटातून एकदा पक्की होते. त्यामुळे अचानक बंद पडून पुन्हा सुरू झालेला कनेक्टर काही बदल दुसऱ्यांदा पाठवू शकतो. हा दोष नव्हे, तर ‘किमान एकदा’ या तत्त्वाचा परिणाम आहे. मात्र तो सोसण्याची तयारी पुढच्या ग्राहक प्रणालीने ठेवावी लागते. तीच नोंद दोनदा आली तरी खात्यात रक्कम एकदाच जमा झाली पाहिजे.

मायएसक्यूएलच्या बाबतीत आणखी एक स्मृती लागते. बिनलॉगमधील ओळी वाचण्यासाठी त्या वेळी तक्त्याची रचना काय होती हे ठाऊक असावे लागते. हा रचनेचा इतिहास डेबिझियम काफ्कामध्ये स्वतंत्रपणे साठवते. तो कायम राहणे आवश्यक असते. काफ्काची सर्वसाधारण मुदत मात्र सात दिवसांची आहे. कनेक्टरने स्वतः हा साठा निर्माण केला तर योग्य मुदत लावली जाते. कोणी हाताने निर्माण करून सर्वसाधारण मुदत ठेवली, तर आठव्या दिवशी लगेच काही बिघडत नाही, कारण चालू कनेक्टरच्या स्मृतीत रचना असतेच. कित्येक महिन्यांनंतर नेहमीच्या देखभालीसाठी तो बंद करून पुन्हा सुरू केला जातो आणि तेव्हा इतिहास सापडत नाही. चूक एका दिवशी घडते आणि उघड होते ती दुसऱ्याच दिवशी, बहुधा दुसऱ्याच व्यक्तीच्या हातून.

५. नावे, मौन आणि पूर्वनिश्चित मूल्ये

जुळवणीची फाइल ही एक संहिता आहे. तिच्यात लिहिलेल्या शब्दांइतकेच न लिहिलेले शब्दही अर्थ ठरवतात. कोणते तक्ते टिपावेत याची यादी दिली नाही, तर डेबिझियम व्यवस्थेचे तक्ते वगळून सर्व तक्ते टिपते. काफ्का कनेक्ट अनोळखी नावाच्या गुणधर्माला चूक मानून थांबत नाही. आता यादीच्या गुणधर्माच्या नावात एका अक्षराची चूक झाली तर? प्रणालीच्या दृष्टीने यादी दिलेलीच नाही. कनेक्टर विनातक्रार सुरू होतो आणि ज्या तक्त्यांत पगार, आजार, दूरध्वनी क्रमांक आहेत तेही बाहेर पाठवू लागतो. संकोचासाठी लिहिलेली ओळ एका अक्षराने विस्ताराची परवानगी ठरते.

यात नामांतरांची भर पडते. २०२० मध्ये १.३ आवृत्तीत या याद्यांची नावे बदलली गेली. २.० मध्ये रचनेच्या इतिहासाशी संबंधित आणि सर्व्हरच्या नावाशी संबंधित गुणधर्मांची नावे बदलली. त्याच वेळी पोस्टग्रेस्क्यूएलसाठीच्या एका जुन्या उलगडयंत्राचा आधार काढून घेण्यात आला. पुढे स्नॅपशॉटच्या प्रकारांनाही नवी नावे मिळाली. नवी नावे बहुतांशी अधिक अर्थवाही आहेत, हे मान्य केले पाहिजे. तरीही प्रत्येक नामांतर म्हणजे जुन्या फाइलीच्या पुनर्वाचनाची सक्ती होय. फाइल चालते आहे, म्हणून ती बरोबर आहे असे मानता येत नाही.

६. चालू दिसणे आणि चालू असणे

काफ्का कनेक्टमध्ये कनेक्टर आणि त्याचे प्रत्यक्ष काम करणारे कार्य यांची स्थिती वेगवेगळी नोंदविली जाते. कनेक्टर ‘चालू’ आणि त्याचे कार्य ‘अयशस्वी’ अशी स्थिती शक्य असते. अयशस्वी झालेले कार्य काफ्का कनेक्ट आपणहून पुन्हा सुरू करीत नाही. केवळ पहिली ओळ पाहणाऱ्यास सर्व आलबेल दिसते.

विलंबाचे मापही फसवे ठरू शकते. डेबिझियम मूळ डेटाबेसपासून किती मागे आहे हे सांगणारा आकडा शेवटच्या हाती आलेल्या घटनेवरून काढला जातो. घटना येणेच थांबले तर तो आकडा वर्तमानाविषयी काही सांगत नाही. म्हणून निरीक्षण दोन्ही तीरांवरून केले पाहिजे. कनेक्टरला ‘तू कुठे आहेस’ असे विचारावे आणि डेटाबेसला ‘तुझी वाचनखूण किती मागे राहिली आहे’ असे विचारावे. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्याचे उत्तर वाचक मृत असला तरी मिळते. पोस्टग्रेस्क्यूएल वाचनखुणांच्या यादीत प्रत्येक खुणेची स्थिती आणि ती अडवून धरीत असलेली जागा पाहता येते. ही यादी रोज पाहणे ही देखभालीची पहिली पायरी होय.

७. एक आक्षेप व त्याचा विचार

येथे असा आक्षेप घेता येईल की, वरील जवळपास प्रत्येक धोका अधिकृत दस्तऐवजात नोंदविलेला आहे. मग दोष वाचणाऱ्याचा, प्रणालीचा नव्हे. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. डेबिझियमचे दस्तऐवज प्रामाणिक आहेत. डिस्क भरण्याच्या धोक्यावर त्यांत स्वतंत्र विवेचन आहे. पूर्वनिश्चित मूल्यांमागेही एक सुसंगत तत्त्व दिसते : कोणतीही नोंद गमावू नये. खूण पुसू नये, मर्यादा घालू नये, काही वगळू नये. बदल टिपणाऱ्या साधनाने हे तत्त्व अंगीकारणे स्वाभाविक आहे.

तथापि मूल्यमापन क्रमाचेही करावे लागते. शिकवणीपर पाठात काही मिनिटांत कनेक्टर उभा राहतो, एका खिडकीत ओळ बदलली की दुसऱ्या खिडकीत ती घटना दिसते. हा अनुभव विलक्षण प्रभावी असतो. डिस्कचा इशारा मात्र संदर्भविभागात खोलवर येतो. जे प्रथम शिकवले जाते तेच विषयाचे स्वरूप म्हणून मनात ठसते. पहिल्याच पाठात कनेक्टर मुद्दाम थांबवून वाचनखूण मागे पडताना दाखविली, तर विद्यार्थ्याला तंत्राची दुसरी बाजूही त्याच दिवशी कळेल. शिवाय ‘काहीही गमावू नये’ हे तत्त्व वाचकाच्या बाजूचे आहे. त्याची किंमत मोजणारा मूळ डेटाबेस व त्याचा व्यवस्थापक जुळवणीच्या चर्चेत अनेकदा उपस्थितच नसतो.

निष्कर्ष :

१. ‘मूळ डेटाबेसवर नगण्य भार’ हे चेंज डेटा कॅप्चरचे आश्वासन वाचक चालू असतानाच खरे ठरते. वाचक थांबल्यावर पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये भार लेखकावर व मायएसक्यूएलमध्ये हानी वाचकावर येते.

२. पूर्वनिश्चित मूल्ये तटस्थ नसतात. डेबिझियम व पोस्टग्रेस्क्यूएल यांची मूल्ये एकत्र वाचली असता ती वाचकाच्या पूर्णतेस मूळ डेटाबेसच्या सुरक्षिततेपेक्षा अग्रक्रम देतात.

३. नोंदवही राखण्याची मर्यादा, हार्टबीट, वगळावयाचे तक्ते व स्तंभ आणि कनेक्टर काढण्याची कृती या चार बाबी प्रत्यक्ष जोडणीपूर्वी डेटाबेसच्या व्यवस्थापकासह ठरवून लिहून ठेवल्या पाहिजेत.

४. निरीक्षण कनेक्टरकडून व डेटाबेसकडून असे दुहेरी असावे.

५. जेथे रात्रीची एक प्रत पुरेशी आहे, तेथे हे तंत्र स्वीकारू नये. तत्काळ माहितीची गरज सिद्ध झाल्यावरच नोंदवहीला कायमचा वाचक जोडण्याची जबाबदारी घ्यावी.

समारोप :

जुळवणी हे आधीचे काम आणि देखभाल हे नंतरचे काम, अशी विभागणी सोयीची असली तरी वरील विवेचनावरून ती टिकत नाही. नोंदवही किती ठेवायची हे लिहिणारा अभियंता पुढील काळातील एका अपरात्री कोणाला उठावे लागेल हे ठरवीत असतो. रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनाला ती पुढे कोण वाचणार याची चिंता नव्हती. डेटाबेसच्या रोजकीर्दीला मात्र परका वाचक जोडला गेला आहे आणि तो वाचक थांबला की लिहिणाऱ्याचाही हात थांबू शकतो. हे लक्षात ठेवून केलेली जुळवणी हीच खरी देखभाल होय.